बुदैयाच्या रस्त्यावरचं इंग्रजी घर

बहारीनमध्ये मी एक इंग्रजी घर आणि त्याची बाग बघून आलो असं सांगितलं, की लोकांना आधी ते खोटं वाटतं. वाळवंटात कसलं आलंय इंग्रजी घर, म्हणतात. पण घर होतं. मी त्याचे सात रोल फोटो काढले. त्यातले थोडे त्या घराच्या बाईकडे आहेत, बाकीचे माझ्याकडे, आणि ते मी आजवर कुणाला दाखवलेले नाहीत.

मी वसईचा. आमची केळीची आणि मोगऱ्याची वाडी आहे, आणि बाजारात माझा छोटा फोटो स्टुडिओ. थोरला भाऊ इनास, ज्याला मी दादा म्हणतो, मातीतला माणूस. वहिनी बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्या वर्षी दादाने वाडी माझ्यावर टाकली आणि तो गल्फला निघून गेला. बहारीनमध्ये हॅलम नावाच्या एका इंग्रजाकडे तो माळी म्हणून लागला आणि अकरा वर्षं तिथेच राहिला. शेवटची तीन वर्षं तो सुट्टीवरही आला नव्हता. दोन वर्षांपासून त्याची पत्रं परक्या अक्षरात यायची. "मला वेळ नसतो, मी सांगतो आणि इब्राहिमभाई लिहितो," असं त्याने एकदा कळवलं होतं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

१९८३च्या फेब्रुवारीत त्याचं असंच एक पत्र आलं. साहेब गेल्या वर्षी वारले. जमिनीचा करार संपतो आहे, मिसेस हॅलम कायमच्या इंग्लंडला चालल्या आहेत. जाण्याआधी त्यांना घराचे आणि बागेचे चांगले फोटो हवेत. मी तुझं नाव सांगितलं. बाई व्हिसा आणि तिकीट पाठवतील. ये. माझ्या हातची बाग एकदा बघून जा.

आय म्हणाली, "जा. आणि त्याला घेऊन ये."

मुहर्रक

विमानतळावर कठड्यापलीकडे दादा उभा होता. केस पांढरे झाले होते, पण उभं राहण्याची ढब तीच, एका पायावर भार देऊन. मी हात वर केला. तो बघत होता, पण हलला नाही. शेजारच्या माणसाने त्याच्या कानात काही सांगितलं तेव्हा तो हसला, आणि माझ्याकडे नाही, माझ्या डावीकडच्या एका बाईकडे बघून हसला. मला वाटलं, गर्दीत चुकला असेल.

शेजारचा माणूस म्हणजे इब्राहिमभाई, हॅलमबाईंचा ड्रायव्हर, श्रीवर्धनचा. त्यानेच माझी बॅग घेतली. दादाने माझे दोन्ही दंड धरून ठेवले. "बारीक झालास, पास्कू," तो म्हणाला. खरं तर मी चांगलाच सुटलो होतो.

आम्ही दोघं घरची कुपारी, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती लोकांची बोली, बोलत होतो. इथे सगळ्यांना कळेल असं लिहितो आहे.

विमानतळ आहे ते मुहर्रक हे वेगळं बेट. तिथून मनामाला, म्हणजे राजधानीला, जायला समुद्रातून बांधलेला रस्ता आहे. गाडीत दादा पुढे बसला आणि मला एकेक दाखवत गेला. हा पूल, ही समोर मनामा, ही मशीद. सगळं बरोबर सांगत होता. मग म्हणाला, "आता उजवीकडे बघ, लाकडी गलबतं उभी असतील. आपल्या नायगावच्या बंदरासारखीच." मी उजवीकडे पाहिलं. तिथे पाणीच नव्हतं. समुद्रात भराव टाकून मैदान केलेलं होतं आणि त्यावर डंपर उभे होते. मी इब्राहिमभाईकडे बघितलं. आरशातून त्याची नजर माझ्या नजरेला भिडली, आणि त्याने ती रस्त्यावर वळवली.

मी म्हटलं, "हो, दिसली."

ते माझं पहिलं खोटं. अजून मला नीट काही कळलंही नव्हतं, आणि तरी ते तोंडातून निघून गेलं.

घर

मनामातून पश्चिमेला बुदैयाकडे जाणारा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना खजुराच्या बागा आहेत. बहारीन म्हणजे नुसती वाळू असं समजून गेलेल्या माणसाला तो रस्ता बघून बरं वाटावं. पण जवळून पाहिलं तर बऱ्याच झाडांचे शेंडे वाळून लोंबत होते. इथे पूर्वी जमिनीतून गोड पाण्याचे झरे आपोआप वर यायचे, इब्राहिमभाई सांगत होता, आता बोअर मारमारून पाणी खाली गेलं आणि आत समुद्र शिरला. आमच्याकडे वसईतही टँकरवाल्यांनी विहिरी उपसायला सुरुवात केल्यापासून हेच चाललंय, मी म्हटलं.

एका लांब भिंतीतल्या लोखंडी फाटकातून गाडी आत गेली आणि समोर ते घर आलं. लाल विटांचं, दुमजली, पावसाळी मुलखात शोभेल असं उतरतं कौलारू छप्पर. चार उंच धुराडी, त्यातली दोन नुसती दिखाऊ. लहान लहान काचांच्या उंच खिडक्या. दारासमोर बारीक खडीचा गोल रस्ता आणि मधे दगडी चौथऱ्यावर सावलीचं घड्याळ. वेल मात्र इंग्रजी नव्हता. भिंतीवर बोगनवेल चढवलेली होती, कारण दुसरं काही त्या उन्हात जगलं नव्हतं.

मिसेस हॅलम सत्तरीच्या असतील. उंच, वाकलेल्या, पायात पुरुषी बूट. तीस वर्षं गल्फमध्ये काढल्यामुळे त्यांना नोकरांशी बोलायचं हिंदी येत होतं. त्यांनी मला बैठकीच्या खोलीत बसवून चहा दिला. तिथे भिंतीत एक शेकोटी होती. ती कधी पेटवली का, असं मी विचारलं.

"एकदा," त्या म्हणाल्या. "नाताळात. सगळ्यांना घाम आला."

मग त्यांनी घराची हकिकत सांगितली. मला वाटलं होतं, साहेब मोठ्या घराण्यातले असतील. तसं नव्हतं. साहेबांचे वडील इंग्लंडमधल्या एका मोठ्या घरात माळी होते. साहेब लहानपणी त्या बागेत वडिलांच्या हाताखाली काम करत. घराच्या पुढच्या दारातून आत जायची त्यांना परवानगी नव्हती. पुढे ते इंजिनियर झाले, तेलाच्या कामावर इथे आले, आणि हातात पैसा आल्यावर त्यांनी भाड्याच्या जमिनीवर तेच घर बांधलं, निम्म्या आकाराचं, आठवणीतून. आत कसं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून आतल्या खोल्या त्यांनी मनाने केल्या.

"बाहेरून मात्र अगदी तसंच आहे," बाई म्हणाल्या. "मी ते खरं घर नंतर जाऊन बघितलं. मला हेच जास्त आवडलं."

गुलाब

उन्हं कलल्यावर दादा मला बाग दाखवायला घेऊन गेला. पुढची हिरवळ बरी होती. कडेच्या वाफ्यांत पिटुनिया आणि झेंडू फुललेले होते. कण्हेरीचं कुंपण दाट होतं. दादा भराभर चालत होता, झाडांची नावं सांगत होता. मला वाटलं, मीच काहीतरी भलतं मनात आणत होतो.

मग आम्ही घराच्या मागे गेलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत सरळ पायवाट होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना गुलाब. वीस इकडे, वीस तिकडे. साहेबांच्या वडिलांनी त्या इंग्लंडच्या घरात अशीच रांग लावली होती, आणि इथे ती दादाने उभी केली होती. प्रत्येक पत्रात तिचा उल्लेख असायचा.

त्या रांगेत एक झाड जिवंत होतं. स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी जिथे जायचं तिथलं पहिलं. त्यावर सहा-सात लाल फुलं होती. बाकीच्या एकोणचाळीस जागी काट्यांच्या तपकिरी काड्या होत्या. मातीवर पांढरा थर आला होता, आपल्या मिठागरांच्या बांधावर येतो तसा.

दादा पहिल्या झाडापाशी थांबला. वाकून त्याने फुलाचा वास घेतला. मग पावलं मोजत पुढे गेला आणि एका वाळक्या काडीसमोर उभा राहिला.

"या वर्षी मी उशिरा छाटणी केली," तो म्हणाला. "पाणी थोडं खारटलंय, पण मातीत जिप्सम घातलंय. कसं दिसतंय? खरं सांग. तुझी नजर फोटोवाल्याची."

त्याचा चेहरा माझ्याकडे होता, पण डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे गेलेले होते. बुबुळांवर दुधाळ साय होती. मी अकरा वर्षांनी त्याच्या कामाच्या जागी उभा होतो. त्याने हाक मारून बोलावलं होतं ते याच एका गोष्टीसाठी.

"छान आहे, दादा," मी म्हटलं. "सगळी बहरलीत."

त्याने मान हलवली आणि खिशातून विडी काढली.

साखर

दुसऱ्या दिवशी सकाळी इब्राहिमभाई मला मनामाच्या बाजारात रोल आणायला घेऊन गेला. गाडीत बसल्याबसल्या मी त्याला विचारलं.

"साखर आहे त्याला," तो म्हणाला. "पाच वर्षं असेल. डोळे खलास. उजेड दिसतो, माणूस उभा आहे की झाड ते दिसतं, एवढंच. बोटंपण गेली. गरम-थंड कळत नाही, काटा टोचलेला कळत नाही."

"आणि बाईंना?"

"बाईंना सगळं माहीत आहे. त्याला वाटतं कोणाला माहीत नाही. व्हिसा रद्द होईल म्हणून घाबरतो. साहेब होते तोपर्यंत रोज गोड्या पाण्याचा टँकर यायचा. आता बोअरचं पाणी. उन्हाळ्यात ते एकदम खारं झालं, दोन महिन्यांत सगळं मेलं. त्याला कोण सांगणार? तूच सांग, तू भाऊ आहेस."

त्या दिवशी बाजारात मी काय बघितलं ते धड आठवत नाही. तंदूरमधून निघालेली थाळीएवढी रोटी, जिला तिथे खुबूज म्हणतात, ती कागदात गुंडाळून घेतली. डब्यातल्या घट्ट दुधाचा चहा प्यायलो. सोन्याच्या दुकानांमध्ये आपलीच माणसं, मालवणी, कच्छी, मल्याळी. वसईची दोन पोरं भेटली, एक हॉटेलात, एक हॉस्पिटलात कामाला. "इनासदादाचे भाऊ?" म्हणून त्यांनी हात मिळवला. "त्यांच्या गुलाबांचं गावात पण नाव आहे." मी हो म्हटलं.

दुपारी दादाने जेवण केलं. मागच्या बाजूला त्याची एक खोली होती. खाट, स्टोव्ह, मरियामाऊलीची तसबीर. सुरमईला तिथे कनाद म्हणतात. त्याने ती आपल्या पद्धतीने चिंच घालून शिजवली होती. माझ्यासमोर त्याने स्टोव्हवरचं भांडं नुसत्या हाताने उचललं, शांतपणे खाली ठेवलं आणि झाकण शोधू लागला. मी धावून त्याचा हात धरला. दोन बोटांना फोड आले होते. जुन्या फोडांचे डाग पण होते.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"दादा, तुझी बोटं भाजली."

त्याने हात मागे घेतला. "काम करताना होतं असं," तो म्हणाला. "जेव."

तेव्हा सांगायला हवं होतं. डोळ्यांचं, बोटांचं, गुलाबांचं, सगळं. मी जेवलो.

संध्याकाळी बाईंनी मला हिरवळीवर बोलावलं. "तुम्ही त्याला काही सांगितलंत?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैलावला. "मग सांगू नका. मी तुमच्याच विमानात त्याचं पण तिकीट काढलंय. त्याने इथून समाधानाने जावं. घरी गेल्यावर बागेचं काय झालं हे त्याला कळायचं कारण नाही. माझ्या नवऱ्याचं आयुष्य या बागेत गेलं, त्याचंही गेलं. एकाला तरी ती बघत जाऊ दे."

बाई प्रेमाने बोलत होत्या, यात मला आजही शंका नाही. आणि मला त्यांचं म्हणणं सोयीचंही होतं.

फोटो

पुढचे पाच दिवस मी फोटो काढले. आमच्या धंद्यात लपवणं हे अर्धं काम. नवरीचा तिरळा डोळा, घराची पडकी बाजू, म्हाताऱ्याचं न उरलेलं बोट, हे सगळं मी लपवत आलो होतो. इथेही तेच केलं. कॅमेरा अगदी खाली ठेवून पिटुनियाचा वाफा पुढे घ्यायचा, मागे घर. मागे पायवाट घ्यायचीच तर मोरीजवळच्या एका झाडाच्या फुलांआडून घ्यायची, म्हणजे बाकीचं धूसर होतं. पहाटेच्या उन्हात विटा इतक्या सुंदर दिसत, की आपण कुठे आहोत ते विसरायला व्हायचं.

तिसऱ्या दिवशी वाऱ्याने धूळ आणली. आकाश पिवळं झालं, कॅमेऱ्यात बारीक रेती गेली आणि एका रोलवर शेवटपर्यंत ओरखडे आले. दादा माझ्याबरोबरच असायचा. ट्रायपॉड धरायचा. "आता कुठला घेतोस?" असं विचारायचा, आणि मी सांगितलं की त्या झाडाची गोष्ट सांगायचा. हे कलम साहेबांनी इंग्लंडहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं. हे एकदा मेलं असं वाटून उपटणार होतो, तर बुडाशी डोळा फुटलेला दिसला. मी वाळक्या काड्यांसमोर उभा राहून ऐकायचो आणि मधेच कॅमेऱ्याचा खटका दाबायचो, त्याला ऐकू जावा म्हणून. त्या खटक्यांचे फोटो माझ्याकडे आहेत.

शुक्रवारी तिथे सुट्टी असते, म्हणून रविवारची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, शुक्रवारीच ऐकायची. ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता. देवळात आपल्याकडच्यासारखीच गर्दी, पण बायका-पोरं कमी, एकटे पुरुष जास्त. बाहेर पडल्यावर मी ठरवून दादाला बाजूला घेतलं. त्याने मलाच थांबवलं.

"बाईंनी माझं पण तिकीट काढलं होतं," तो म्हणाला. "काल मी त्यांना ते परत करायला सांगितलं."

मी विचारलं, "का?"

"जमिनीचे मालक अबू खालिद म्हणून आहेत. चांगला माणूस. त्यांना सुट्टीच्या दिवशी कुटुंब घेऊन बसायला बाग हवी, असं इब्राहिम बोलला होता. मी स्वतः निरोप पाठवून त्यांना उद्या बोलावलंय. बाग बघितली की ते मला ठेवतील. पास्कू, माझी नजर जरा कमी झालीय. तुला कळलंच असेल. मलाच भीती वाटत होती की बागेचं काही बिघडलं असेल आणि मला समजलं नसेल. म्हणून तर तुला बोलावलं. तू सांगितलंस सगळी बहरलीत, तेव्हा मला धीर आला."

आजूबाजूला लोक चर्चच्या पायऱ्या उतरत होते, एकमेकांची चौकशी करत होते. मी तिथे उभा राहिलो आणि बोललो नाही. पुढे मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. बाईंना शब्द दिलाय, अबू खालिद येणारच नाहीत, आलेच तर पुढचीच बाग बघून जातील. खरं कारण एकच. मला त्याच्या तोंडावर ते सांगण्याची भीती वाटली.

संध्याकाळी शहरातल्या एका स्टुडिओत धुऊन घेतलेले फोटो मी बाईंना दिले. त्यांनी एकेक खिडकीशी नेऊन पाहिला.

"तुम्ही फार हुशार आहात," त्या म्हणाल्या. "यात मेलेलं काहीच दिसत नाही."

शनिवार

अबू खालिद सकाळी नऊला आले. पन्नाशीचे, पांढरा झगा, हातात मण्यांची माळ. मुंबईत लहानपण गेल्यामुळे हिंदी स्वच्छ बोलत. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाढी करताना गालावर कापलं होतं, ते त्याला कळलेलं नव्हतं. मी रुमालाने पुसायला गेलो, तर त्याने मला बाजूला सारलं.

पुढची बाग बघून अबू खालिद म्हणाले, "अच्छा है."

"पीछे चलिए, साहेब," दादा म्हणाला. "असली चीज़ पीछे है."

बाई मागच्या पायरीवरच थांबल्या. मी आणि इब्राहिमभाई मागून चाललो. दादा पुढे, पावलं मोजत. पहिल्या झाडापाशी तो थांबला. "ये देखिए. और ये, ये अंदर से थोड़ा काला है, मखमल जैसा." त्याचा हात दुसऱ्या झाडाकडे होता, म्हणजे काडीकडे. "ये वाला पीला. इसको धूप चाहिए. ये सफ़ेद, इसका खुशबू बहुत." अबू खालिदनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. ते समजले. माळ फिरवायची थांबली, पण ते त्याच्याबरोबर चालत राहिले आणि प्रत्येक काडीपाशी "हाँ, हाँ" म्हणत राहिले. त्यांनी थट्टा केली असती तर मला परवडलं असतं.

सातव्या की आठव्या झाडापाशी दादा म्हणाला, "हाथ लगाकर देखिए, साहेब. पत्ता कितना मोटा है."

अबू खालिदनी त्याचा मान राखायला हात पुढे केला. काडी बोटांत आली आणि मोडली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

दादा थांबला. "क्या टूटा?"

तो खाली बसला. हाताने चाचपून त्याने बुंधा धरला, पण बोटांना काही कळत नव्हतं. मग त्याने वाकून तोंड पुढे नेलं आणि काडीवर ओठ टेकले. ओठांना कळलं असावं. तो गुडघ्यांवरच पुढच्या झाडाकडे सरकला आणि तिथेही तेच केलं. मग पुढच्या. चौथ्यानंतर त्याने मातीची चिमूट उचलून जिभेवर ठेवली. काट्याने त्याचा ओठ फाटला होता आणि रक्त हनुवटीवर आलं होतं.

"पास्कू," तो आपल्या भाषेत म्हणाला. "किती?"

"एकोणचाळीस."

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून असंच आहे."

अबू खालिद त्याच्याशेजारी खाली बसले, झगा मातीत. "भाई, पानी में नमक आ गया है," ते म्हणाले. "मेरे बाप का बाग भी ऐसे ही गया. तीन सौ खजूर. इसमें तुम्हारा कसूर नहीं."

दादाने मान हलवली, उठला, आणि आला तसाच पावलं मोजत खोलीकडे गेला. पायरीवर बाई उभ्या होत्या. त्यांनी "इनास" म्हणून हाक मारली. तो थांबला नाही.

जाताना अबू खालिदनी बाईंना सांगितलं, की इथे आता बाग होणार नाही. जमीन सपाट करून गोदामं बांधू.

मी खोलीत गेलो तेव्हा दादा खाटेवर बसला होता. मी फडकं ओलं करून त्याचा ओठ पुसायला गेलो. त्याने फडकं माझ्या हातून घेतलं आणि स्वतः पुसलं.

"बाई सांगत होत्या की..." मी सुरुवात केली.

"बाई परक्या," तो म्हणाला. "आंधळा मी आहेच. मला ठाऊक आहे. पण तू मला त्या माणसासमोर वेडा केलंस. पहिल्या दिवशी खरं बोलला असतास, तर मी त्याला बोलावलंच नसतं. त्याच रात्री बॅग भरली असती. तुझ्यासोबत आलो असतो."

"अजूनही चल. बाई दुसरं तिकीट बघतील."

"तू जा."

मी त्याच्या पायांशी बसलो, माफी मागितली, रडलोसुद्धा. त्याने रागावून काही म्हटलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "कॅमेरा कुठाय?"

"बॅगेत."

"तो तिथेच राहू दे. माझा फोटो काढू नकोस."

परत

रविवारी मी एकटा निघालो. विमानतळावर इब्राहिमभाई सोडायला आला. दादा आला नाही. आयला काय सांगू, हा विचार करत मी मुंबईला उतरलो आणि घरी गेल्यावर तिला सगळं खरं सांगितलं. ती उठून आत गेली.

बाई जूनमध्ये इंग्लंडला गेल्या. त्यांचं एक पत्र आलं, आल्बमबद्दल आभाराचं. त्या उन्हाळ्यातच घर पाडलं. विटा चांगल्या निघाल्या म्हणून लोकांनी नेल्या, असं इब्राहिमभाईने कळवलं.

दादा त्याआधी, एप्रिलमध्ये आला. तिकीट परत केल्यावर थांबलेले व्हिसाचे कागद पुन्हा करून हातात यायला तीन आठवडे गेले होते. तार आली तसा मी सहार विमानतळावर गेलो. विमान दुपारी उतरलं. दारातून माणसं बाहेर येत होती, टेपरेकॉर्डर, ब्लँकेटं, दोरीने बांधलेली खोकी. त्यांच्या मागून दादा आला. त्याचा उजवा हात एका तरुण माणसाच्या खांद्यावर होता. विमानात शेजारी बसलेला कुणी, रत्नागिरीकडचा. स्वतःची बॅग सांभाळून तो दादाला हळूहळू चालवत होता.

मी पुढे होऊन म्हटलं, "दादा, मी आलोय. पास्कू."

तो थांबला. माझ्या आवाजाकडे त्याने तोंड वळवलं. "आय बरी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे. वाट बघतेय." मी माझा खांदा त्याच्या हाताखाली आणला आणि त्या तरुणाला म्हटलं, "आता मी घेतो."

तरुण बाजूला व्हायला लागला. पण दादाने त्याचा शर्ट मुठीत धरला.

"तुम्हाला घाई नसेल तर," तो त्याला म्हणाला, "टॅक्सीपर्यंत तुम्हीच चला. वाटेत काय आहे ते तुम्ही नीट सांगता."

तो माणूस अवघडून माझ्याकडे बघू लागला. मी बॅग उचलली आणि त्यांच्या मागून चालू लागलो.